एक जूनवाल्यांचा केक

"मामा, धरा धरा! वरचा केक सरकाय लागलाय!"

अर्पिताच्या या ओरडण्यासरशी तिच्या सासऱ्यांनी, बलभीमरावांनी, हातातला पेपर टाकला आणि दोन्ही तळव्यांत केक धरला. जन्मभर त्यांनी बैलाचा कासरा धरला, पाण्याचा पाइप धरला. चॉकलेटचा केक आजच.

माकणी गावात लाइट गेलेली आणि ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावा. सकाळपासून पोरीनं जिवाचं रान केलं होतं. कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून एकामागं एक दोन केक भाजले. लोणी आणि पिठीसाखरेचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवून हात भरून येईस्तोवर फेटलं, त्यात कोको घातला आणि ते क्रीम दोन केकांच्या मधे जाडजूड भरलं. आता फक्त कापायचं राहिलं होतं. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सासू, द्वारकाबाई, उंबऱ्यात पाय पसरून पेरणीच्या शेंगा फोडत बसलेली. उठायचं नाव नाही.

"आत्या, या ना हो. विरघळतंय सगळं."

"म्या न्हाय कापत. वाढदिवस कुणाचा? मास्तरनं ठोकून दिलेल्या तारखेचा?"

तिचंही खरंच होतं. शाळेत नाव घालताना पोराची जन्मतारीख कुणाच्याच आईबापाला सांगता यायची नाही. मग मास्तर सगळ्यांना एक जून लावून मोकळे व्हायचे.

"माजी माय सांगायची, जवारीची काढणी चालली व्हती, तवा झाले म्हणून. जवारी काय जूनमंदी काढतेत व्हय गं?"

"मग परवा बँकेत ठणकावून एक जून सांगितलंत ते?"

"त्यो सायेब व्हता. त्याला खरं सांगून काय करायचं?"

अर्पिताला हसावं की रडावं कळेना. लग्न होऊन आल्यापासून या घरात सगळ्यांना ओवाळलं गेलं होतं, वासराला सुद्धा. या एकट्या बाईला कुणी पाटावर बसवलेलं तिनं पाहिलं नव्हतं. आज एकदा तरी आत्यांचा दिवस व्हावा, एवढीच तिची हौस होती. तिचे डोळे भरून आले.

"म्या कुठवर धरून ठिवायचं हे?" बलभीमराव म्हणाले.

"तुमीच कापा की. तुमचाबी एक जूनच," द्वारकाबाईनं टोला हाणला.

"आरं तिच्या, व्हय की! मंग कापतोच."

"हात काढू नका, मामा!"

एवढ्यात शेजारची गजराबाई विरजण मागायला आली. केक बघितला, भांडण ऐकलं आणि विरजण विसरली. "एक जून? अगं बया, माजाबी त्योच की!" तिथूनच तिनं भिंतीवरून हाळी दिली, "ए शुभांगे, सासूला घिऊन ये लवकर! एक जूनवाल्यांचा केक हाय!"

झालं. बोलता बोलता ओसरी भरली. शुभांगीची सासू आली, पलीकडचे शंभुलिंग अण्णा काठी टेकत आले, त्यांच्यामागं त्यांचा भाऊ. थोरला आणि धाकटा, दोघंही एक जूनचेच.

"जुळे न्हाईत, बरं का," अण्णा म्हणाले, "मास्तरला दुसरा महिनाच ठावा नव्हता!"

हसून हसून बायांच्या डोळ्यांना पाणी आलं. अर्पितासुद्धा हसली. केक मात्र खाली खाली चाललेला आणि बलभीमरावांची मनगटं चॉकलेटी झालेली.

गजराबाईनं पदर खोचला आणि सुरी उचलली. "हिला नको तर ऱ्हाऊ द्या. म्या कापते. माजा तरी कुणी कवा केलाय?"

"कापा, गजराबाई, कापा!" सगळ्यांनी एकच गलका केला.

द्वारकाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. सूप बाजूला सारून ती उठली, ती अशी, की गुडघे दुखतात हे तिला आठवलंच नाही. तिनं गजराबाईचं मनगट धरलं.

"ठिव ती सुरी!"

आणि सुरी तिनं स्वतःच काढून घेतली.

"खायला समदे बसा. कापणार म्याच."

आणि तिनं सुरी चालवली. मधलं क्रीम दोन्हीकडून भसकन बाहेर आलं, बलभीमरावांच्या बोटांवरून ताटात ओघळलं. टाळ्या सुरू झाल्या. गाणं म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. अर्पिता नुसती बघत उभी राहिली, हसत, डोळे पुसत.

गजराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का गं ए? आत्ता तर तारीख खोटी म्हणत व्हतीस!"

द्वारकाबाईनं पहिला तुकडा सुनेच्या तोंडात कोंबला.

"तारीख असंल खोटी," ती म्हणाली. "सून तर खरी हाय!"