मानाचा फेटा

शाहूपुरीतल्या सभागृहात दुर्मीळ आजारांविषयी जनजागृतीचा कार्यक्रम होता. जरासं घासलं तरी सुहानाची कातडी सोलून निघायची, म्हणून तिला मंचावर मानाची खुर्ची होती. संयोजक फेटा घेऊन आले, तशी आईनं हात आडवा घातला. “फेटा नको, दादा. हिला सोसायचा न्हाय.” “सत्कार हाय, भाभी! फोटोत एकटीच बोडकी दिसंल की!” त्यांनी पीळ आवळला. सुहाना ओठ चावून हसली. मग संयोजकांनीच माईक घेतला. “या लेकरांना फुलावानी जपा!” टाळ्या थांबेनात. कार्यक्रम संपल्यावर आई मंचामागं एकेक वेढा अलगद सोडवत गेली. शेवटचा वेढा रक्तानं कपाळाला चिकटला होता. भिजवून सोडवायला तिनं बाटली उघडली, तोच संयोजकांनी हिसकावली. “पाणी कशाला? फेटा भाड्याचा हाय, रंग उतरंल. जरा जपा की!” म्हणत त्यांनी टोक हिसडलं.