सुरुंगानंतर

सुरुंगाच्या स्फोटात साथीदार गेला, तेव्हापासून पोलीस जवान भूपेश रस्त्यात छोटासा पूल आला तरी मोटरसायकल थांबवायचा, उतरून पुलाखाली वाकून बघायचा आणि मगच पुढे जायचा.

"असंच चाललं तं आलापल्लीले भावाच्या लग्नाले निघालेलो आपुन त्याच्या पोराच्या बारशाले पोचू," मागे बसलेली त्याची बायको पायल हसायची. पण तो झोपेतून ओरडत उठायला लागला, तसं तिचं हसू मावळलं. एक दिवस ती त्याला ओढतच मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

दवाखान्याच्या बाकावर दादाजी बसलेले दिसले आणि भूपेश दारातच थबकला. दादाजी म्हणजे त्याच्या तुकडीचे जुने प्रमुख. गोळीबारात कधी पाऊल मागे न घेतलेला माणूस! भूपेश गुपचूप वळला, तेवढ्यात हाक आलीच.

"काऊन बे भूपेश, पळून राह्यला का?"

"नाई भाऊ... तुमी इथी कोनाले पाहाले आले?"

"कोनाले पाहाले नाई, सोताले दाखवाले आलो." दादाजींनी सरकून शेजारी जागा केली. "बस. पहिल्या दिवशी मी बी याच दारातून पळालो होतो."