दुखण्याचा कौल

“पाय कापावा लागेल,” डॉक्टर म्हणाले. “गुडघ्याच्या वर. आजच.”

म्हाळसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पाय कुणाचा, तर तिच्या धुळाचा. बावीस वर्षांचा पोरगा, दिवसाला सात-आठ कोस मेंढरांमागं चालणारा. आणि झालं काय होतं? लोकर कातरताना कातर निसटली आणि टोक नडगीत घुसलं. बोटभरसुद्धा जखम नव्हती. असल्या जखमा धनगराच्या पोराला महिन्याला दोन व्हायच्या, माती लावली की विसरायच्या. ही मात्र विसरू देईना. दुसऱ्या दिवशी पाय खांबासारखा सुजला, तिसऱ्या दिवशी काळानिळा पडला. धुळा असा ओरडायला लागला की वळसंगाच्या शिवारात बसवलेली मेंढरं बुजून उठली. मग तिचा दीर सिद्धाप्पा यानं पहाटे बैलगाडी जुंपली आणि दुपारच्या आत त्याला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं.

“जखम एवढीशी हाय की, डाक्तरसायेब!”

“वरून एवढीशी आहे, बाई. आत मांस सडतंय आणि सड वर चढतेय. पाय ठेवला तर पोरगा जाईल. हत्यारं उकळेपर्यंत काय ते ठरवा.”

तेवढ्यात मिलमधला एक कामगार आणला. त्याचा हात यंत्रात सापडला होता. डॉक्टर तिकडं धावले, आणि व्हरांड्यात ही तिघं उरली.

“आये, पाय देऊ नगंस,” धुळा दात खात म्हणाला. “त्यापरीस मला मारून टाक.”

म्हाळसाबाई अडाणी होती, पण हेकेखोर नव्हती. डॉक्टर खोटं बोलतो असं तिला मुळीच वाटलं नाही. पण देवाला न विचारता पोटच्या पोराचा पाय द्यायचा तरी कसा? त्यांच्यात काही अडलं की बिरोबाला कौल लावायचे. दगडाला फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. इथं दवाखान्यात कुठला देव आणि कुठली फुलं! तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, चिमूटभर त्या काळ्या पायाला लावला आणि दुखण्यालाच कौल लावला.

“बिरोबा, ह्याचं दुखणं थांबीव. थांबलं तर पाय तू राखलास असं समजीन. न्हाय थांबलं, तर कापू देते. शबूद देते तुला.”

मग ती लेकाच्या तोंडाकडं टक लावून बसली. धुळा ओरडत होता. हळूहळू नुसता कण्हायला लागला. मग कण्हणंही थांबलं.

“आये,” तो नवलानं म्हणाला, “पाय दुखायचा थांबला की गं!”

तिनं घोटा दाबला. नडगी दाबली, चांगली जोर लावून दाबली. धुळा हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला बिचारा! “फकस्त मांडी ठणकतीया,” म्हणाला.

“तीबी थांबंल रं, माज्या वाघा!”

म्हाळसाबाईचा जीव भांड्यात पडला. चार लोकांदेखत ती फरशीवर आडवी पडली आणि देवाला दंडवत घातला. डॉक्टरांना सांगायला गेली, तर दार बंद. आत त्या कामगाराच्या हाताला टाके घालणं चाललं होतं. सांगितलं तरी डॉक्टर थोडाच ऐकणार होता?

“वैनी, देवानं कौल दिला. आता थांबू नगा,” सिद्धाप्पा म्हणाला. दोघांनी धुळाला उचलून गाडीत घातलं.

शहर मागं पडलं. अंग तापलेलंच होतं, पण धुळा गप्पांना लागला होता. कुठली मेंढी कधी व्यायची, ते चुलत्याला सांगत होता. म्हाळसाबाई मनातल्या मनात बिरोबापुढं ढोल वाजवत होती. उन्हं कलली, तशी मागून सायकलची घंटी ऐकू आली. दवाखान्यातला म्हातारा कंपौंडर चनबसप्पा धोतर खोचून, घामाघूम होऊन येत होता.

“यव्वा, गाडी फिरवा! डॉक्टरांनी पाठवलंय मला.”

“कशापायी? बरं वाटतंय त्याला. पाय दुखायचा थांबला की.”

चनबसप्पानं सायकल रस्त्यातच टाकली. “अगं यव्वा, ते बरं होणं नव्हे! मेलेलं मांस दुखत नाही. जेवढा पाय गप झाला तेवढा मेला. वरची मांडी दुखतीय का अजून? दुखत असेल तर वेळ आहे. आता मांडीतनं आणखी वर कापतील, पण पोरगा हाती लागेल.”

म्हाळसाबाई गारठली. जन्मभर तिनं मेंढरं राखली होती. ओरडणारं आजारी मेंढरू वाचतं आणि गप्प पडलेलं सकाळी उचलून टाकावं लागतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मेंढराचं कळलं, लेकराचं कळलं नाही.

“फिरीव गाडी!” ती दिरावर ओरडली. बैल वळायच्या आत ती लेकाच्या मांडीशी जाऊन बसली. आणि दुपारी ज्या देवाकडं दुखणं थांबव म्हणून पदर पसरला होता, त्याच देवाला ती आता विनवू लागली. “दुखू दे रं बिरोबा, लई दुखू दे. वरडू दे माज्या लेकराला.” असं म्हणत तिनं सगळी नखं त्याच्या मांडीत रुतवली.

“धुळ्या, दुखतंय का रं? मांडी दुखतीया न्हवं? सांग की!”

तापाच्या गुंगीत धुळाला कंपौंडरचं बोलणं आणि आईचं मागणं उमगलंच नव्हतं; त्यानं फक्त आईचे डोळे बघितले. आपल्या दुखण्याची तिनं केवढी धास्ती घेतलीय, असं वाटून त्याला गलबलून आलं. त्यानं तिचा हात हातात घेतला.

“रडू नगंस, आये,” तो हसून म्हणाला. “आता पार कंबरेपतुर कुटंच दुखत न्हाय.”