पुसलेले चेहरे

पडद्यावर झाडूवाल्या बायकांचा मोर्चा सरकत होता. एकीलाही चेहरा नव्हता. मानेच्या वर नुसते धूसर चौकोन.

“पोलिसांच्या कॅमेऱ्यांना कुणी ओळखू येऊ नये, म्हणून एकेक चेहरा मी संगणकावर पुसला,” व्याख्यान देणारा तरुण कलाकार म्हणाला. “दोन महिने लागले.” सभागृहात टाळ्या पडल्या.

प्रश्नांच्या वेळी शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी माइक मागितला. शेजारी त्यांची नात बसली होती.

“ती हिरव्या काठाची, फलक धरलेली, ती मी. हिला आजी दाखवायला आणलंय. मघापासून शोधतेय बिचारी.”

तो गडबडला. “मावशी, तुमची नोकरी जाऊ नये म्हणूनच...”

“ती मोर्च्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली, बाळा. आता चेहरा तरी राहू दे.”