तिसरी हाक

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये बसून माधवी मच्छीमार सोसायटीची वेब सर्व्हिस तपासत होती. नाव पाठवलं की सभासद घरी आहे की तलावावर, ते कळायचं. यंत्राला ‘नाही’ म्हणता येतं का ते आधी पाहावं, ही तिची शिस्त. म्हणून ती एक खोटं नाव तीनदा पाठवायची.

तिने मनानेच नाव रचलं, लहानू.

उत्तर आलं, ‘तलावावर.’

दुसऱ्यांदाही तेच.

तिने सोसायटीच्या हेमराजभाऊंना फोन लावला.

“लहानू आमच्यात कोनीच नाई,” ते म्हणाले. “किती वेळा इचारलं, बाई?”

“दोनदा.”

“बस झालं. पान्यावरच्याले आमी तिसरी हाक देत नाई.”

तोवर माधवीचं बोट सवयीने ‘पाठवा’ बटणावर तिसऱ्यांदा पडून गेलं होतं.

स्क्रीनवर उमटलं, ‘आलो, बाई.’