आईचा ताईत

आई गेली. रिवाजाप्रमाणे तिचे कपडे तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांना दिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली अनारकान एजे, म्हणजे अनारकानताई, परत आली आणि माझ्या हातावर चामड्याची तिकोनी पिशवी ठेवून म्हणाली, "कपडे घेतले, पण ताईत कसा ठेवून घेऊ? गळ्यातून कधी काढायची नाही बघ."

मी पिशवीच्या तोंडाची दोरी सोडली. आत ताईत नव्हता, मीच बनवलेली किल्ली होती. गाव सोडून राजधानीत, बिश्केकला, मी याच किल्ल्या बनवतो. कॉम्प्युटरला लावून तिच्या बटणावर बोट टेकवलं, की मगच टपाल उघडतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या लॅपटॉपसोबत आईला एक बनवून दिली होती आणि म्हणालो होतो, "सारखे फोन नको करूस गं, कामात असतो. यावर पत्रं लिहू एकमेकांना." तिचं एकही पत्र आलं नाही.

"वापरलीच नाही तिने. नुसती गळ्यात बांधून फिरली," मी चिडून म्हणालो.

तरी किल्ली माझ्या लॅपटॉपला लावली. किती वेळा बोट टेकवलं, ते ती मोजून ठेवते. आकडा होता एक हजार सेहेचाळीस.

"म्हणजे रोज उघडत होती! मग दोन ओळी लिहायला काय झालं होतं तिला?"

अनारकान एजे म्हणाली, "तिने आधी लिहायचं? सलाम आधी धाकट्याने करायचा असतो रे. तिकडे जाऊन हेही विसरलास?"