गच्चीवरची माती

कुदळ पुन्हा विटेवर आपटली. शरदिनीनं वाकून तुकडा उचलला आणि कुंपणाशी साठलेल्या ढिगावर टाकला. वसंतपंचमी होऊन आठवडा झाला होता. भेंडी, कारली, घोसाळी, सगळं याच दिवसांत लावायचं. पण शहराबाहेर सुसुवाहीतल्या या नव्या घरामागच्या चिंचोळ्या तुकड्यात माती थोडी आणि बांधकामाचा राडारोडाच जास्त. सकाळपासून खणूनही दोनच वाफे झाले होते, आणि त्यांतही सिमेंटचे गोळे निघतच होते.

फाटकाशी एक टोटो, बॅटरीवरची रिक्षा, येऊन थांबली. मागे गोणपाटाच्या बोऱ्यांवर बोऱ्या रचलेल्या. चालकाच्या शेजारून वेणीमाधव उतरला.

तो तिचा धाकटा दीर. बँकेत होता, पन्नाशी ओलांडलेला. या घरात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. गंगेकाठचं, रामघाटावरचं घर विकायचं त्यानंच ठरवलं. तिचे यजमान रत्नाकर आधीच गेलेले. मोठ्या भावाची विधवा म्हणून शरदिनीनं सही केली, तेव्हा ती काही बोलली नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांतही बोलली नाही.

"काय आणलंत, भाऊजी?" तिनं कुदळ हातातच ठेवून विचारलं.

"माती."

"माती इकडेपण मिळते."

"ही आपल्या गच्चीवरची आहे." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "नवे मालक वर रेस्टॉरंट काढतायत. मजूर वाफे फोडून सगळा मलबा खाली फेकत होते. शेजारच्या मिश्राजींचा फोन आला. मी जाऊन हात जोडले, म्हटलं, एक दिवस थांबा."

"आणि एवढं सगळं आणलंत कसं?"

"गल्लीत तर सायकल शिरत नाही. घाटापर्यंत पाठीवर. तिथून अस्सी घाटापर्यंत नावेतून."

शरदिनीनं बोऱ्या मोजल्या. अकरा.

"घर देऊन झाल्यावर माती कशाला उचलायची?" ती म्हणाली.

"मकान दिलं होतं, वहिनी. मातीची बात झाली नव्हती."

"झाली असती तर तीही दिली असतीत."

वेणीमाधव वळला. त्यानं पहिली बोरी ओढली, वाफ्यापर्यंत आणली आणि तोंड सोडून उलटी केली.

काळी, मऊ माती भसकन पसरली. तिच्यात एकही खडा नव्हता. शरदिनी खाली बसली. कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला.

ती गंगेची माती होती. दरवर्षी पूर ओसरला की रामघाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ साचायचा. बाकीचे लोक तो पाण्यानं नदीत लोटायचे, आणि रत्नाकर घमेलं घेऊन उतरायचे. ते खाली भरायचे, नऊ वर्षांचा वेणू मधल्या पायऱ्यांवर उभा राहून पुढे द्यायचा, आणि लग्न होऊन वर्ष न झालेली शरदिनी पदर खोचून ते तिसऱ्या मजल्यावर न्यायची. अंग चिखलानं माखलेलं, गल्लीतल्या बायका खिडकीतून बघतायत, आणि रत्नाकर खालून ओरडतायत, अजून दोन, बस, अजून दोनच. ती दोन घमेली कधी संपायची नाहीत. रात्री तिघांच्याही हातांना नदीचा वास असायचा. असे तीस-बत्तीस पूर त्या गच्चीवर चढले होते.

तिच्या बोटांना काहीतरी टोचलं. तिनं ते चोळून साफ केलं. भोवऱ्याची गंजलेली लोखंडी आर.

"तुझ्या लट्टूची," ती म्हणाली. "हरवला म्हणून तीन दिवस जेवला नव्हतास."

"दोन. तिसऱ्या दिवशी तुम्ही गुळपोळी केली होती." त्यानं आर हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "घर नाही सांभाळता आलं मला, वहिनी. दादा असते तर काही सुचलं असतं."

"त्यांनाही नसतं सुचलं," शरदिनी म्हणाली. "त्यांना फक्त गाळ आणणं सुचायचं."

वेणीमाधव हसला, आणि हसता हसताच त्यानं तोंड फिरवलं. उठून तिनं दुसऱ्या बोरीचं एक टोक धरलं.

"राहू द्या, मी नेतो."

"पाठ धरेल तुझी. उचल त्या बाजूनं."

अकराही बोऱ्या रिकाम्या व्हायला दुपार झाली. टोटोवाला कधीच निघून गेला होता. दोन्ही वाफे काठोकाठ भरले, तरी कुंपणाशी बराच ढीग उरला. शरदिनीनं बियांच्या पुड्या आणल्या आणि बोटानं माती उकरत ती भेंडीचं बी टाकू लागली. वेणीमाधव मागून मूठमूठ माती लोटत होता.

"इथे माकडं येतात?" त्यानं विचारलं.

"अजून एकही पाहिलं नाही."

"मग यंदा सगळंच हाती येईल. तिकडे आपल्याला चार भेंड्या मिळायच्या."

"येईल खरं. पण एवढं खाणार कोण? मी एकटी."

वेणीमाधव थांबला. मातीचे हात त्यानं एकमेकांवर घासले.

"माझ्याकडे चार माणसं आहेत," तो म्हणाला. "मी, इंदू, पोरं."

शरदिनीनं बियांची पुडी मिटून कमरेला खोचली. उठून दोन्ही वाफ्यांकडे पाहिलं, मग पलीकडच्या विटांनी भरलेल्या कोऱ्या जमिनीकडे.

"मग दोन वाफ्यांनी भागायचं नाही," ती म्हणाली, आणि कुदळ त्याच्या हातात दिली.